बी साइडवरचा ‘श्श’

सिल्वासा,
११ जून १९९६

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपनीला लोकांचा गळा दाबायचा परवाना कुणी दिला, तेवढं उलट टपाली कळव. ‘रेड ऑक्साइड’चा लाइव्ह अल्बम तुम्ही दहा-अकरा वर्षांनी पुन्हा काढताय हे तुझ्याकडून कळलं, तेव्हा तुझ्या काकाने बांधकाम खात्यात पेढे वाटले होते. (साहेबांना वाटलं, मला बढती मिळाली. रेड ऑक्साइड म्हणजे आमच्याकडे खिडकीच्या गजांना लावायचा रंग, हे त्यांना ठाऊक. रॉक बँड म्हणजे काय, हे समजावताना जेवणाची सुट्टी संपली.) आपला गोकुळ, नंदुरबारकडचा, मसाटला सुताच्या कारखान्यात आहे तो, पाळी सुटल्यावर सायकल मारत वापीला गेला आणि कॅसेट घेऊन आला. वर छापलेलं, ‘सुधारित आवृत्ती’.

परवा रविवारी नेहमीप्रमाणे सगळे आमच्या ओट्यावर जमले. बी साइड, तिसरं गाणं. तुला माहीत आहेच. ढोल थांबतात, मैदानभर कल्ला चालू असतो, त्यात जवळच कुणी बाई काहीतरी पुटपुटते, आणि तो गायक माइकमध्ये नुसता ‘श्श’ करतो. बस. दहा हजार माणसं चिडीचूप. मग ती गिटार. आम्ही दर रविवारी तिथे ओठावर बोट ठेवून त्याच्याबरोबर ‘श्श’ करतो, आरतीतल्या टाळीसारखा. परवा सहा जणांनी एकसाथ ‘श्श’ केला आणि कॅसेटमधून काहीच आलं नाही. नवरदेवच न आलेल्या वऱ्हाडासारखे आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

गोकुळ म्हणतो, कंपनीवाल्यांनी गाण्याचा जीव काढी लिधा. विश्वनाथ गुरुजींचं गणिती मत असं की, कॅसेटची फीत वाचवायला तुम्ही सेकंद-सेकंद कापलेत. ओट्यावरचा सगळ्यात धाकटा नथू तेवढा म्हणाला की, नवीन कॅसेटमध्ये ढोल कसे छातीत वाजतात, काका! त्याला दोन रविवार ओट्यावर बंदी केली आहे.

मला चैन नाही. फाइल उघडतो, मिटतो. तेवीस सह्यांचं निषेधपत्र कंपनीच्या नावे वेगळं धाडलं आहे. आमचा ‘श्श’ परत करा. बाकी लोभ आहेच. तो कंपनीवर नाही, तुझ्यावर.

तुझा,
अनंतकाका


मुंबई,
१९ जून १९९६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तेवीस सह्या दोन्ही एकाच दिवशी पोचलं. आमच्या साहेबांना सिल्वासा म्हणजे फक्त दारूची दुकानं माहीत. तिथे लोक गाणी ऐकतात हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चौकशी माझ्याच गळ्यात मारली.

काका, रागावू नका. मी मूळ टेप तीनदा ऐकली. ‘श्श’ नाही. पंच्याऐंशी साली निघालेली पहिली कॅसेट गोदामातून शोधून ऐकली. त्यातही नाही. शेवटी खुद्द गायकालाच फोन लावला. तो हल्ली विमा विकतो. म्हणाला, मी आयुष्यात पब्लिकला गप्प केलेलं नाही, मला लोक ओरडलेलेच आवडायचे. आणि मग अर्धा तास मला पॉलिसी समजावत होता.

मग तुमच्याकडे ‘श्श’ आला कुठून? तुमची जुनी कॅसेट पाठवा. इथल्या मशिनवर दूध का दूध करतो. जपून ठेवीन, तुमच्या ओट्याची शपथ.

सौ. काकूला साष्टांग, अश्विनीला टपली. उत्तराची वाट नव्हे, कॅसेटची वाट पाहणारा,

ओंकार


सिल्वासा,
२५ जून १९९६

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमची मूळ टेप खोटी आहे. गायकाला विसर पडला असेल. विमा विकणाऱ्याला काय काय विसरावं लागतं! कॅसेट सोबतच्या डब्यात कापसात गुंडाळून रजिस्टर केली आहे. पोस्टमास्तरांनी विचारलं, दागिना का? मी हो म्हणालो.

हिचा इतिहास ऐकून ठेव. शहाऐंशीचा मे महिना. धरणाच्या कामावर एक इंजिनिअर होता, त्याच्याकडे ही कॅसेट. एका दुपारपुरती दिली. जोडायची वायर इथे कुणाकडे होती? शेजारच्या रजनीताईंचा टेपरेकॉर्डर मागून आणला, आपला आणि तो गोधडीवर समोरासमोर बसवले, एक गाणार, दुसरा ऐकून घेणार. पंखा बंद, खिडक्या बंद. फाइलीच्या पुठ्ठ्यावर ‘आवाज करू नये’ लिहून दाराला लावलं. तुझ्या काकूला बजावलं, अश्विनीला घेऊन बाहेर बस. दीड तास मी घामाने निथळत श्वाससुद्धा हळू घेतला. सिल्वासा, सायली, मसाट मिळून ह्या अल्बमच्या चाळीसेक प्रती असतील. सगळ्या हिच्या लेकी-नाती. वापीला कुणी अस्सल घेतलीच नाही, आमचीच अस्सल होती.

काकू बरी आहे. हल्ली गप्प असते. तिला कसलंसं लांब पाकीट आलं आहे. ती ते नेमकं टेपरेकॉर्डरवर ठेवते, मी उचलून कपाटावर ठेवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेपरेकॉर्डरवर. सवडीने विचारीन. आधी ‘श्श’चा निकाल लागू दे.

घायकुतीला आलेला,
अनंतकाका


मुंबई,
२ जुलै १९९६

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर अश्विनीच्या नावे मुद्दाम पाठवतो आहे, म्हणजे काकांच्या हाती लागणार नाही.

काकांची कॅसेट मोठ्या मशिनवर लावली. खालचे ढोल दाबले, मधला पट्टा उचलला. ती पुटपुटणारी बाई मैदानातली नाही, तुम्ही आहात. दार करकरतं आणि तुम्ही म्हणता, ‘अहो, ऐकलंत का, ऑर्डर आली. सुरंगीच्या शाळेची. आठ दिवसांत...’ आणि पुढे ‘श्श!’ तो गायक नाही, काकू. तो आवाज मी लहानपणी अभ्यास करताना इतका ऐकलाय की चुकणार नाही.

मी हेडफोन काढून चहाला गेलो, परत आलो, पुन्हा ऐकलं. कसली ऑर्डर? तुम्ही शाळेत शिकवणार होतात, हे आमच्या घरात कुणीच कसं बोललं नाही? काकांना काय कळवू? तुम्ही सांगाल तसं करतो. नको म्हणालात तर टेप खराब झाली म्हणून सांगीन.

तुमचा,
ओंकार


सिल्वासा,
६ जुलै १९९६

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

टेप खराब झाली म्हणून मुळीच सांगायचं नाही. दहा वर्षांत ह्या घरात माझं एवढं एकच वाक्य नीट जपून ठेवलं गेलंय. तेही कापसात.

लग्नाआधी माझं डी. एड. झालं होतं. तुला कोण सांगणार, प्रमाणपत्र लोणच्याच्या बरणीखाली घडी करून ठेवलेलं. शहाऐंशी साली सुरंगीच्या मराठी शाळेची ऑर्डर आली. मी धावत आत गेले, पुढचं तू ऐकलंसच. मी ठरवलं, आता हे स्वतःहून विचारतील तेव्हाच सांगायचं. आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी ऑर्डर तांदळाच्या डब्याखाली अंथरली. अर्धी चूक त्यांची, अर्धी माझ्या हट्टाची. फरक एवढाच की माझी अर्धी कॅसेटवर आली नाही.

मग सुरू झाले ते रविवार. त्या ‘श्श’वर विश्वनाथ गुरुजी डोळे मिटून मान हलवायचे, तुझे काका सांगायचे, बघा, ह्याला म्हणतात दरारा. मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. दहा वर्षं दर रविवारी मला गप्प केलं गेलं, सहा जणांच्या तोंडून, आणि वर चहाही मीच केला. एकदा तर साखर जास्त झाली म्हणून ऐकून घेतलं.

आता सुरंगीतच एका आश्रमशाळेत जागा निघाली. संस्थेची आहे, म्हणून वय आड आलं नाही. १५ जुलैला, सोमवारी हजर व्हायचं आहे. मुलींच्या वसतिगृहात राहायचं, महिन्याकाठी घरी यायचं. अश्विनीला सगळं ठाऊक आहे. ती तेरा वर्षांची झाली, कुकर लावते, वडिलांनाही शिकवीन म्हणते. पाकीट गेले तीन आठवडे टेपरेकॉर्डरवर ठेवते आहे. ते उचलून बाजूला ठेवतात, कारण खाली बटण असतं.

रात्रंदिवस घरात येरझारा घालते. सांगून टाकावं असं वाटतं, जीभ उचलत नाही. एकदा सांगून झालंय, ओंकार. तेच त्यांना नीट ऐकव. तुमच्या मशिनवर आवाज मोठा होतो ना? ढोल किती दाबायचे ते दाब, माझा आवाज वर काढ, आणि कॅसेट १४ तारखेच्या रविवारपर्यंत पोचेल अशी धाड. वर लिही, ‘सुधारित आवृत्ती’.

तुझ्या कानांना जप, हेडफोन कमी लाव.

तुझी,
प्रमिलाकाकू


सिल्वासा,
२२ जुलै १९९६

सौ. प्रमिला हिस,

आशीर्वाद लिहू की नमस्कार, ह्यावर दोन कागद फाडले. तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. काहीच न लिहिता पुढे जातो.

तू सोमवारी पहाटेच्या बसने गेलीस. अश्विनीने शांतपणे सांगितलं, आई सुरंगीला नोकरीवर गेली, पाकीट वाचा. वाचलं. मग आठवडाभर मी हे सांगत फिरलो की बायको न सांगता गेली. ऑफिसात सांगितलं, रजनीताईंना सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा. लोक हळहळले. मला बरं वाटायचं.

ओंकारचं पार्सल बुधवारी आलं. पोस्टाने चार दिवस ते कुठे फिरवलं, देव जाणे. मी रविवारची वाट पाहिली, सगळ्यांसमोर निकाल लावायचा म्हणून. काल सगळे आले. नथूची बंदीही उठवली. बी साइड, तिसरं गाणं. ढोल जवळजवळ ऐकूच येईनात. नथू कुरकुरला. आम्ही बोटं ओठांवर नेली. आणि दार करकरलं. आपलंच दार, त्याला अजून तेल घातलेलं नाही. मग तू. इतक्या जवळून, की मी मागे वळून बघितलं.

‘श्श’ कुणीच केला नाही, फक्त मी केला, कॅसेटमधून. बाकी सगळ्यांची बोटं ओठांवर तशीच राहिली. गोकुळ म्हणाला, ही तर काकी शे. विश्वनाथ गुरुजी चपला शोधायला लागले. त्यांच्या पायातच होत्या. नथू जाताना म्हणाला की, काका, मी म्हणत होतो ना, कंपनीची कॅसेट चांगली आहे.

सगळे गेल्यावर मी ते पुन्हा लावलं. किती वेळा, ते अश्विनी सांगेल. तू सांगितलं होतंस. मी दूधवाल्याला तसं कळवलं आहे, ऑफिसातही कळवीन, तिथे जरा जड जाईल.

पण वाक्य ‘आठ दिवसांत’वर तुटतं. पुढचं माझ्या तोंडाखाली गेलं आहे, ओंकारच्या मशिनलाही ते काढता आलं नाही. कालपासून टेप बंद ठेवून हे विचारतो आहे असं लिहिणार होतो, ते खोटं ठरेल. आत्ता, हे लिहिताना बंद केला. काय म्हणत होतीस?

अनंत


सुरंगी,
२५ जुलै १९९६

ती. स्व. अश्विनीच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

विचारलंत, म्हणून सांगते. ‘आठ दिवसांत हजर व्हायचंय, तुम्ही येता का पोचवायला?’ एवढंच होतं. एकटीने रानातल्या शाळेत जायची तेव्हा भीती वाटली होती.

आता वाटत नाही. चाळीस मुली आहेत, अजिबात गप्प बसत नाहीत.

रस्ता तोच आहे. मधे डांबर पडलंय, तुमच्याच खात्याचं, म्हणून सांभाळून या. रविवारी सकाळी सिल्वाशाहून नऊची बस आहे. येताना अश्विनीला आणा, आणि माझा चष्मा राहिलाय टेपरेकॉर्डरवर. कपाटावर ठेवला असेल तर तिथून.

वाट पाहते,
प्रमिला