विष्णुपुरीला टाकलेलं कार्ड

२० सप्टेंबर १९९३, सोमवार

वसंतराव आज चपला न काढताच आत आले. ते आमच्या लातूरच्या वाचनालयाचे सचिव, मी नुसती ग्रंथपाल. म्हणाले, "इंदूबाई, दिवाळीनंतर हा हॉल बारावीच्या क्लासला द्यायचा ठरलाय. इतिहास, कला, संस्कृती, ही सगळी कपाटं मागच्या खोलीत हलवा. कोण वाचून राहिलंय ते?"

कोण म्हणजे? सिद्रामप्पा! किल्लारीकडचे रिटायर मास्तर. दर महिन्याला एस.टी.नं येतात, मूर्तींची, लेण्यांची, देवळांची पुस्तकं नेतात. लेखकाची चूक सापडली की पानात चिठ्ठी घालून परत आणतात. 'पान ८४. ही दुर्गा नव्हे, चामुंडा. पोटावरचा विंचू पाहावा.' पुस्तकावर मात्र पेन्सिलीची रेघसुद्धा नाही.

हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण हॉलच गेला तर बाईंचं काय काम, असं त्यांनी विचारलं असतं तर?

जाताना म्हणाले, "बाहेरची पुस्तकं तीस तारखेच्या आत जमा करा. एक जरी कमी भरलं, तर मग बघू तुमचं."

२१ सप्टेंबर

नऊ जणांना निरोप धाडले. घरी आई विचारते, उशीर का? काम होतं म्हटलं.

२७ सप्टेंबर

आठ पुस्तकं आली. राहिलं एकच, सिद्रामप्पांचं. दख्खनच्या मंदिरांवरचं ते जाडजूड.

आज त्यांचं कार्ड आलं, नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून. लेक सिंधु तिथं असते, जावई इंजिनिअरिंग कॉलेजात. 'गणपतीत लेकीकडे आलो आहे. मुदत संपली हे ठाऊक आहे, माफी असावी. पुस्तक गावी कपाटात आहे. दसऱ्यापर्यंत सवलत मिळावी.'

दसऱ्यापर्यंत! वसंतरावांना विचारायची छाती झाली नाही. मीच उत्तर लिहिलं — 'सवलत मिळणार नाही. ३० तारखेच्या आत पुस्तक आणून द्यावे, अन्यथा सभासदत्व रद्द.' सहीच्या जागी वाचनालयाचा शिक्का मारला आणि लगेच जाऊन पेटीत टाकलं. थांबले असते तर टाकलं नसतं.

३० सप्टेंबर

जिवंत आहोत. पहाटे चारच्या सुमाराला सगळं घर गदागदा हललं, मांडणीवरची भांडी आईच्या अंथरुणावर. तिला ओढतच अंगणात आणलं. अजून आत जायचा धीर नाही.

दुपारी आमचा शिपाई मलप्पा येऊन गेला. "बाई, किल्लारी गेली. आजूबाजूची गावं बी गेली. लई माणूस गाडलं गेलंय."

तीस तारीख. मी कार्डावर लिहिलेली!

१ ऑक्टोबर

सोमवारी टाकलेलं कार्ड बुधवारी सकाळी पोचतं. सिद्रामप्पा नियमाचा माणूस. वाचलं असेल, पिशवी उचलली असेल, दुपारची एस.टी. धरली असेल. रात्री गावातच झोपले असतील, त्या दगडामातीच्या घरात.

नाही. पोस्ट कधी वेळेवर येतं? नसेलच पोचलं.

पोचलं असेल.

५ ऑक्टोबर

वाचनालय उघडलं. अकराला पुन्हा हादरा! कपाटांच्या काचा वाजल्या, वाचक रस्त्यावर पळाले. मी टेबल धरून उभी राहिले.

पोस्टमन आला की मी आधी कार्डांचे कोपरे बघते. कुणी गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडतात ना. तो म्हणाला, "बाई, या आठवड्यात थैलीत तसलीच कार्डं हायेत." आमच्यासाठी नव्हतं.

९ ऑक्टोबर

आलं. कोपरा फाडलेलं. 'आमचे वडील सिद्रामप्पा ३० सप्टेंबरच्या भूकंपात गावी वारले. — सिंधु.'

मीच मारलं त्यांना. हे कुणाला सांगू?

१२ ऑक्टोबर

रात्रीचं ताट तसंच झाकून ठेवलं. आईला वाटतं, मला हादऱ्यांची भीती बसलीय. वाटू दे.

१८ ऑक्टोबर

सिंधुताई आल्या! दारात बघितल्याबरोबर ओळखलं, कपाळ तसंच बापासारखं. फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. "अप्पांनी नेलेलं हाय हे. कपाट आडवं पडलं होतं, त्यात घावलं."

पुठ्ठ्यावर माती. आत चिठ्ठ्या जशाच्या तशा. पुस्तक परत आल्याची पावती द्यावी लागते, म्हणून ती लिहायला घेतली. सभासदाचं नाव सावकाश, नीट अक्षरात लिहिलं. त्या माझ्या हाताकडेच बघत होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "अप्पांच्या नावानं इथून एक कार्ड आलं होतं. ते कुणी लिहिलं होतं, बाई?"

"सचिवांनी," मी म्हटलं. "वसंतरावांनी. मला तर ठाऊकच नव्हतं."

किती पटकन बोलले! आढेवेढे नाहीत, अडखळणं नाही.

त्यांनी पावती उचलली, बराच वेळ वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी विचारलं, काही सांगायचं होतं का?

"ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायचं होतं. राहू द्या आता."

पाणीसुद्धा घेतलं नाही. वसंतराव शेजारच्याच खोलीत बसले होते, पण त्या तिकडे गेल्या नाहीत. का गेल्या नसतील? तेव्हापासून हेच डोक्यात आहे, आणि नव्यानं भीती वाटते.

२३ ऑक्टोबर

निम्मी कपाटं हलवून झाली. मंदिरांवरचं पुस्तक मी पुसून वर ठेवलं. माती चिठ्ठ्यांवरची तेवढी पुसवेना.

२ नोव्हेंबर

विष्णुपुरीहून पाकीट. आत माझंच कार्ड. चारही कोपरे शाबूत. पोचल्याचा शिक्का १ ऑक्टोबरचा. सोबत सिंधुताईंची चिठ्ठी —

'अप्पा २८ तारखेलाच गावच्या गणपतीच्या विसर्जनाला आपल्या मनाने गेले होते. हे कार्ड त्यानंतर तीन दिवसांनी आले. त्यांनी ते पाहिलेच नाही. लिहिणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये, एवढेच सांगायला मी लातूरला आले होते. पावतीवरचे अक्षर मी तिथेच ओळखले. मग बोलावेसे वाटले नाही.'