फळीवरचा बिल्ला

पुसेगाव, ४ फेब्रुवारी २००३

चि. सपना हिस,

आईचा जयभीम. पत्र माझं मीच वाचलं, वाचून घ्यायला भागूबाईकडं नेलं नाही. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचं संग्रहालय झालं आणि लोकांना आत नेऊन दाखवायची नोकरी तुला लागली, हे वाचल्यापासून घास उतरत नाही. त्याच खाणीत तुझ्या बाबांवर छत पडलं. माहीत असून काहून गेलीस? इथं हळद शिजवायला माणसं मिळेनात. निघून ये.

जीव मुठीत धरून बसलेली,
आई

खाणवस्ती, १९ फेब्रुवारी २००३

ती. आईस,

सपनाचा जयभीम. वि. वि. आता कोळसा काढत नाहीत. छताला लोखंडी कमानी आहेत, दिवे आहेत. जुनी रीत मात्र ठेवली आहे. आत जाताना ज्याचा त्याने पितळी बिल्ला फाटकाजवळच्या फळीवर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. बिल्ला फळीवर म्हणजे माणूस आत. बाबा गेले त्या जागेपर्यंत मी रोज जाते. एकदा येऊन बघ, मग पोटभर रागाव. येताना भाकरी आण, खानावळीतली चपलेसारखी लागते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सपना

पुसेगाव, ११ मार्च २००३

चि. सपना हिस,

आईचा जयभीम. सुखरूप पोचले. तिथं सांगायचं राहिलं, ते लिहिते.

मी आत यायला नकार देऊन फाटकाशी बसले होते. तू आत नेलेली माणसं बाहेर आली, आपापले बिल्ले घेऊन गेली. तुझा तेवढा फळीवर राहिला. पहारेकरी हिरासिंग म्हणाला, मावशी, घाबरू नका, ती खाणीच्या दुसऱ्या तोंडानं निघून हापिसात गेली असेल, बिल्ला विसरली असेल. तुझ्या बाबांवर छत पडलं त्या दिवशीही मला असंच सांगितलं होतं, की सोनाजी चहाला गेला असेल. मी त्याच्या हातची बॅटरी ओढून घेतली आणि आत शिरले.

तुझ्या बाबांच्या कपड्यांना यायचा तोच वास तिथं होता. तू हापिसातून धावत आलीस, आधी हसलीस, मग माझं तोंड पाहून माझ्या हातची बॅटरी काढून घेतलीस.

नोकरी सोड, असं आता म्हणत नाही. भीती आहे, ती राहील. बाहेर आलीस की आधी बिल्ला काढत जा, मग पाणी पी.

एक गोष्ट तुला कळली नाही. भुयारात मी तुला हाका मारत गेले. पुढं अंधारात माझाच आवाज कानावर आला, तर मी सोनाजी, सोनाजी म्हणत होते. ते असताना त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

आईवर माया राहू दे.
तुझी,
आई