सेनापतीचं शिरस्त्राण

ता. ६, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींनी सिगारेट सोडली, की नुसती लपवली? इकडे सगळं ठीक. माझं पत्र बघून दचकू नका. फोन केला की भाऊजी उचलतात आणि तिकडचं हवामान सांगून ठेवून देतात, म्हणून म्हटलं लिहावंच.

आमच्या खेळाला तुम्ही लुटुपुटूची लढाई म्हणता. वेश करून दोन दिवस मैदानात राजा-राणी होणारी घोड्याएवढी माणसं, हेही तुमचंच. म्हणा. पण आमचा गट आता सुधारतोय बरं का. मागच्या वर्षी दुसऱ्या गटाचे लोक पाहुणे आले होते, ते आमचं सैन्य बघून पोट धरून हसले. हसतील नाहीतर काय! महाराजांच्या पायात पांढरे पळायचे बूट. आमचा दंतवैद्य जादूगार होतो, तो आंघोळीनंतरचा झगा घालून आला आणि मागे 'कोमट पाण्यात धुवा'ची पट्टी लोंबत होती. चिलखतं म्हणजे चंदेरी रंग फासलेले स्वेटर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेव्हापासून मी पोशाखप्रमुख. राणी तर आधीपासून होतेच. चेन नको, प्लॅस्टिकचं बटण नको, घड्याळ नको, आणि करकरीत नवं तर काहीच नको, कारण नवा कपडा अंगावर खोटा दिसतो. कोपरं विटेने घासायची, कडा किसणीवर ओढायच्या, मग चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. आमच्या गटातला पोस्टमन आठवडाभर अंगरखा घालूनच झोपला. त्याची बायको वैतागली, पण अंगरखा असा काही मुरलाय की बघत राहावं. गेटवर मी उभी असते. माझ्या नजरेत पास झाला तोच आत जातो.

आता काम सांगते. सासूबाईंचं ते जाड करडं ब्लँकेट तुमच्या माळ्यावर आहे ना? सेनापतीच्या झग्याला अगदी तसलंच कापड हवंय. सेनापती म्हणजे तुमचा भाऊच.

तो सध्या जरा बाहेर आहे. कामाचंच काहीतरी. फोन बंद असतो. तिकडे डोकावला तर सांगा, महिनाअखेरीला मोठा खेळ आहे, तोवर घरी ये. एवढंच. घाई नाही. म्हणजे, आहे थोडी. ताई, तो आला तर मला कळवाल ना?

तुमची,
वहिनी


ता. १५, मंगळवार

ताई,

पत्र मिळालं. 'तो इथेच आहे. जेवतो, झोपतो, बोलत नाही. ब्लँकेट उंदरांनी खाल्लं.' अहो, एवढंच? मी पाकीट उलटं करून झटकलं, अजून काही असेल म्हणून. उंदरांची बातमी आणि नवऱ्याची बातमी एकाच ओळीत!

बरं. तो तिथे आहे म्हणजे जिवंत तरी आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते तुम्हाला आता सांगते. काम-बिम काही नव्हतं. तो कपाट रिकामं करून गेलाय. एक शब्द न बोलता गेला, असं मी सगळ्यांना सांगते. दंतवैद्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. पण तुमच्याशी कसं खोटं बोलू? तुमच्याच घरात तो बसलाय.

तो बोलला होता.

मोठ्या खेळाआधी आमचा सरावाचा खेळ झाला. भर दुपारी मैदानात दरबार भरला होता. सेनापती मोहिमेवर निघतो, राणीचा निरोप घेतो, असा प्रसंग होता. तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मी आता परत येणार नाही. तुझ्या घरात मला जागा उरली नाही. तुला माझे कपडे दिसतात, मी दिसत नाही." ताई, महाराजांचे डोळे भरून आले. मला वाटलं, अरे वा, आज याला सूर सापडला! एरवी तो मख्खासारखा दोन वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो. मला पण मग चेव चढला. मान ताठ करून म्हटलं, "खुशाल जा, सेनापती! तुमच्यावाचून हे राज्य अडत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई.

आणि तो गेला. सामान आवरून दंतवैद्याच्या गाडीतून मी घरी पोचले, तर कपाटात फक्त हँगर.

आता तुम्हीच सांगा, मला कसं कळायचं? त्या मैदानात कोणी मुलाला शाप देतं, कोणी विष पितं, आणि नंतर सगळे मिळून चहा पितात. असलं बोलायचं तर घरी बोलावं, स्वयंपाकघरात बोलावं! हो, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिलाई मशीन आहे. खुर्च्यांवर चिलखतं वाळत असतात. तो बरेच दिवस उभ्यानेच जेवत होता, हेही खरं. आणि त्याने हौसेने स्वतः शिवलेला कमरपट्टा मी गेटवर, सगळ्यांसमोर, काढायला लावला. टाके मशीनचे दिसत होते. नियम म्हणजे नियम, असं म्हटलं मी. तो हसला होता तेव्हा. मला तरी हसल्यासारखा वाटला.

त्याला म्हणावं, टेबल रिकामं केलंय. खुर्च्याही. रोज दोन ताटं घेते आणि एक उचलून ठेवते. वेड लागायची पाळी आलीय, ताई. काहीतरी सांगा त्याला. तुमचं तो ऐकतो.

वहिनी


ता. २४, गुरुवार

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू देत. परवा मोठा खेळ आहे आणि मी जाणार नाही. तपासणी दंतवैद्याकडे दिली. तो येईल त्याला आत सोडतो म्हणे. सोडू दे.

एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नव्हती, मी गिळली होती. त्या दुपारी तो गुडघ्यावर बसून बोलत होता ना, तेव्हा त्याने एक हात डोक्यावर ठेवला होता. शिरस्त्राणावर, असा दाबून. मला वाटलं, ते सैल झालंय; बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. तो उठताना मी जवळ जाऊन कुजबुजले, "हात काढ. फार वाईट दिसतंय. अस्तर घट्ट करून देईन." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात काढला.

काल ते अस्तर घट्ट करायला बसले. शिरस्त्राण तो इथेच टाकून गेलाय. त्याच्या डोक्याचा प्लॅस्टरचा साचा आहे माझ्याकडे, त्याच्यावर मीच ते बेतलं होतं. साच्यावर चढवलं तर इतकं चपखल की हलेना. पट्टा शाबूत, बक्कल शाबूत. सैल कुठेच नव्हतं.

तुम्हाला आमचे नियम माहीत नाहीत. पोशाखाचे नंतर आले, पण एक नियम खेळाइतकाच जुना आहे. खेळात कोणाला खरोखर लागलं, चक्कर आली, भीती वाटली, तर ओरडून उपयोग नसतो, कारण ओरडतात सगळेच. तेव्हा हात डोक्यावर ठेवायचा. डोक्यावर हात म्हणजे आता जे बोलतोय ते खरं, नाटक नाही. समोरच्याने जिथल्या तिथे सगळं थांबवायचं आणि विचारायचं, काय झालं. नव्या माणसांना हे मीच शिकवते. पहिल्याच दिवशी, गेटवर.

तो हात डोक्यावर ठेवून मला सांगत होता. आणि मी त्याला तो हात काढायला लावला.

घरी त्याने किती वेळा सांगून पाहिलं असेल कोण जाणे. शेवटी बिचाऱ्याने माझ्याच खेळात येऊन, माझ्याच खुणेने सांगितलं. मी शिंपिणीसारखी त्याच्या डोक्याचं माप बघत बसले. काल जमिनीवर बसून मी इतकी रडले की खालचे लोक दार वाजवायला आले.

मी तिकडे येत नाही. आले तर पाय धरीन, आणि पाय धरले तर तो दयेपोटी येईल. तसा नको. तुम्ही त्याला फक्त एक विचारा. माझ्या वतीने, साध्या भाषेत, त्याच्यासमोर बसून विचारा: त्या दुपारी तिने सगळं थांबवून 'काय झालं रे?' एवढं विचारलं असतं, तर तू राहिला असतास का?

'हो' म्हणाला, तर फोन करा, तार करा, भाऊजींना पळवा, काहीही करा, पण त्याच दिवशी मला कळू दे. मी असेन तशी निघेन.

'नाही' म्हणाला, तर मला कळवू नका. तुम्हाला शपथ आहे. मला वाट बघू दे.

तुमची, अजून तरी,
वहिनी