मोनालीची मान

मोनालीचे बाबा,

तुमी झेंडू विकून अकोटहून वापस याल तोवर मी पोरीले घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात पोचली असन. उद्या तिचं आपरेशन हाय. मागच्या हप्त्यात माहेरी चालली म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तवा तिले याच दवाखान्यात दाखवलं.

तिच्या आंगात देवी येत नाही. मेंदूच्या मधात पाण्याची पिशवी हाय, तिच्या दाबानं मान वरखाली हालते. लाखात एखाद्या लेकराले होते म्हणे. डोक्याले बारीक छिद्र पाडून दुर्बिणीनं पिशवी फोडतात. डाक्टरनं पयलं हेच इचारलं, झोपीत मान हालते काय? नाही हालत. दोन वर्षांपासून मले ठाऊक होतं, तरी मी पोटच्या पोरीच्या पाया पडत राहिली.

मंगळवारी बाया नारळ घेऊन येतील. आईले म्हणा, त्याइले दारातूनच वापस पाठवजा. पार्बताबाईकडे मात्र तुमीच जाजा अन् खरं काय ते सांगजा. निघून गेलेला माहा पोरगा मनोज घरी येईन काय, असं तिनं इचारलं तवा मोनालीची मान हालली होती. ते बाई अजून रोज त्याचं ताट वाढून ठेवते.

भाकरी टोपलीत हायेत.

आत्ता वेणी घालतानी मी पोरीले इचारलं, बरी होशीन ना माय? तिनं मान हालवली. तोंडानं हो म्हण, असं मी दोनदा म्हटलं. ते बोलली नाही, नुसती मान हालवत राहिली.

जयमाला