वाळूत पाया घेता येत नाही

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं,

नमस्कार. तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं असं परवा तुमच्या सुनेकडून कळलं. काठी घेऊन फाटकापर्यंत जाता म्हणे. जपून. न्हाणीघरात ओल राहू देऊ नका. हे असते तर म्हणाले असते, "ताईच्या न्हाणीघराच्या फरशीचा उतारच उलटा आहे, पाणी साचणार नाही तर काय होईल!" दर वेळी तुमच्याकडून परत येताना गाडीत हेच चालायचं, आणि तुमच्यासमोर मात्र तोंडाला कुलूप.

इकडे सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे दूध येतं, पेपर येतो, मी वेळेवर जेवते. लोक भेटायला येतात, आधी माझ्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. शेजारची म्हणाली, "एकदा रडून घ्या हो, मोकळं वाटेल." मी म्हटलं, "बघते." तिने बाजारातून काही आणायला सांगितल्यासारखं.

फोनवर तुम्ही दोनतीनदा विचारलंत, "शेवटी काही बोलला का गं चिमण्या?" मी दर वेळी म्हटलं, "वेळच मिळाला नाही." त्याबद्दल लिहायलाच बसले आहे, पण आधी दुसरं लिहिते. एकदम तिकडे पेन वळत नाही.

गेल्या आठवड्यात यांच्या ऑफिसातल्या लोकांनी एक छोटी सभा ठेवली होती. वाचनालयाच्या इमारतीत, यांनीच बांधलेल्या. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. एकेक जण उठून बोलत होता आणि मी यांच्यासारखी छताकडे बघत बसले होते. तुम्हाला माहीतच आहे, हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या तुळईकडे जास्त बघत होते. जाताना माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी छान आहे, पण त्या कोपऱ्यात टेकू लावून घ्या." वडील संतापले. पावसाळ्यात तो कोपरा खाली आला आणि वडिलांनी होकार कळवला.

सभेत तो जाडा ठेकेदार बोलला. यांच्याशी जन्मभर भांडलेला माणूस. त्याने वाचनालयाच्या जिन्याची गोष्ट सांगितली. नकाशात जिना जिथे होता तिथे एक म्हातारं झाड होतं. हे म्हणाले, जिना हलवू. ठेकेदार म्हणाला, "साहेब, एका झाडापायी अख्खा जिना हलवायचा?"

"झाड हलत नाही ना, म्हणून," हे म्हणाले.

"अहो, पण तोडता येतं की!"

"जिनाही तोडता येईल. बांधून झाल्यावर तोडू या, चालेल?"

सगळी सभा हसली. ठेकेदार पुढे बोलायला गेला आणि त्याला बोलवेना. एवढा मोठा माणूस, रुमाल तोंडावर धरून खाली बसला. मला त्याचा हेवा वाटला, वन्सं. खोटं कशाला लिहू.

बाल्कनी तुम्ही पाहिली आहे. कुंड्यांच्या खाली ते सिमेंटचे चौकोनी ठोकळे आहेत ना, तुम्ही विचारलं होतंत कुठल्या दुकानातले म्हणून. दुकानातले नव्हेत ते. काँक्रीट किती भार सोसतं ते पाहायला असे ठोकळे ओततात आणि यंत्रात घालून फोडतात. काही शिल्लक राहतात, ते हे घरी आणायचे. "ह्यांची परीक्षाच झाली नाही, सुटले बिचारे," म्हणायचे, आणि त्यांच्यावर एकेक रोप ठेवायचे. लेक लहान असताना त्या ठोकळ्यांवर उभी राहून भाषणं करायची आणि हे एकटेच टाळ्या वाजवायचे. कामावरून कितीही दमून आले तरी तिचं भाषण झाल्याशिवाय बूट काढायचे नाहीत.

वाळवंटाचं वेड मात्र तुम्हाला कधी पटलं नाही. "झाडाझुडपांचा एवढा सोस, आणि सुट्टीला जातो कुठे, तर जिथे काहीच नाही तिथे!" मलाही आधी तसंच वाटायचं. लग्नानंतर पाण्याच्या टाक्या बांधायला यांना तिकडे पाठवलं होतं तेव्हा मी पहिला महिना नुसती केसांतली वाळू झाडत होते. पण हे सकाळी पोटावर पालथे पडून एका किड्याच्या पावलांची नक्षी बघायचे. रात्रभरात कोण कुठून कुठे गेलं, कुणाला कुणी खाल्लं, सगळं वाळूवरून वाचून दाखवायचे. बोटाएवढ्या झुडपाची मुळं किती खोल जातात ते सांगताना असा चेहरा व्हायचा, जसं काही ते झुडूप आपल्याच घराण्यातलं. लेक पहिलं पाऊल तिथेच टाकायला शिकली. पडली तरी लागत नाही, म्हणून हे खूश.

नंतर बदली झाली तरी दर हिवाळ्यात आम्ही जात राहिलो. तंबू आणि जीपवाला ठरलेले. एकदा तिथेच मी विचारलं, "एवढं काय आहे हो इथे?" तर म्हणाले, "इथे वाळूत पाया घेता येत नाही. कुणी मला काही बांध म्हणत नाही. घरी असलो की डोळे मिटले तरी कुठला ना कुठला खांब समोर उभा राहतो, बरोबर झाला असेल ना? ह्याच्यावर माणसं राहतात. इथे माझ्या भरवशावर काही उभं नाही. म्हणून झोप लागते."

खरंच, तिथे हे लहान मुलासारखे झोपायचे.

आता लिहिते.

थंडी सुरू व्हायच्या आधी यांना चालताना धाप लागायला लागली होती. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. हृदयाचं मोठं ऑपरेशन सांगितलं, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यामुळे टेबलावरून उठतील याची खात्री कुणी देईना. तोवर लांबचा प्रवास बंद, असंही सांगितलं. हे तुम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं.

बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले. म्हणाले, "करू ऑपरेशन. पण आधी एकदा तिकडे जाऊन येतो. तू येतेस का?"

मी म्हटलं, "आधी ऑपरेशन."

"मग जायला मी असेन का?"

घरी येऊन मी बॅग भरायला काढली. लेकीला कळलं असतं तर तिने दाराला कुलूप घातलं असतं, तुम्ही मोडका पाय घेऊन आडव्या पडला असतात. म्हणून कुणाला सांगितलं नाही. वाद झाला नाही, रडारड झाली नाही. मी यांचे लोकरीचे मोजे शोधत होते, एवढंच आठवतं.

तिथे पोचल्यावर दोन दिवस फार छान गेले. हे लिहायला मला कसंतरी होतं, पण छान गेले. नंतरच्या सकाळी आम्ही तंबूमागच्या टेकाडावर गेलो. हे हळूहळू चढले, वर बसले, आणि एकदम घामाने भिजले. मी उठले तर मनगट धरलं. "बस," म्हणाले.

खालून जीपवाल्याने पाहिलं, तो धावत वर आला. आमच्या लेकीला खांद्यावर घेऊन फिरवलेला माणूस तो. "साहेब, उचलतो तुम्हाला, गाडीत घालतो." हॉस्पिटल तिथून दोन तासांवर, तेही खडबडीत रस्त्याने. यांनी मान हलवली. "गाडीत नको रे. इथेच."

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, काय करू? तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "जरा थांबा."

तो खाली जाऊन जीपजवळ उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मी यांचं डोकं मांडीवर घेतलं. दुखत होतं, पण फार नसावं, बोलत होते. म्हणाले, "झाडांना पाणी कोण घालतंय?"

"शेजारची."

"ती फार घालते. मुळं कुजतील. तिला सांग."

मग जरा वेळाने, "ताईला एकदम सगळं सांगू नकोस. तिचा पाय बरा होऊ दे. मला शाळेत कडेवर नेऊन पोचवायची ती. मी चांगला घोडा झालो होतो तरी." हसले. समोर बघत राहिले. ऊन टेकडीच्या पार खालपर्यंत उतरलं होतं आणि मला वाटलं, झोपलेत.

मग आम्ही त्यांना जीपमध्ये ठेवलं आणि गेलो. एवढंच.

हे सगळं पोटात ठेवून मी राहिले असते, पण तसं झालं नाही. लेक आली ती रागाने पेटलेली. तिने तिथे शेजारच्या तंबूत उतरलेल्या पाहुण्यांना फोन केला होता. त्यांनी सांगितलं, माणूस वाळूत पडला होता आणि जीप जागची हलली नाही. झालं. तिने जीपवाल्याविरुद्ध तक्रार दिली. त्याचा परवाना जायची वेळ आली. आणि चौकीत त्याने काय सांगावं? "चाक वाळूत रुतलं होतं. चूक माझी." माझं नाव काढलं नाही त्या माणसाने.

लेकीने मला हे विजयाने सांगितलं. "बघ, कबूल केलं त्याने!" मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, "चाक रुतलं नव्हतं. मीच थांबवलं त्याला." आणि डॉक्टरांकडे गेल्यापासूनचं सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच.

तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू बाबांना मरू दिलंस."

"मी त्यांच्याजवळ बसले," मी म्हटलं.

"मला विचारायचं होतंस! माझेही बाबा होते ते!"

ती पर्स उचलून निघून गेली.

पण दुसऱ्या दिवशी तिने तक्रार मागे घेतली, आणि जीपवाल्याला स्वतः फोन करून माफी मागितली. तो तिला म्हणाला, "ताई, माफी कसली. साहेबांनी गाडीत नको म्हटलं, मी कोण गाडी काढणारा." त्याची जीप परत सुरू झाली आहे.

लेक आता रोज संध्याकाळी येते. माझी औषधं बघते, फ्रीज उघडून बघते, कामापुरतं बोलते. आई म्हणून हाक मारत नाही. काल निघताना दारात थांबली, पाठमोरीच. "शेवटी काय म्हणाले?"

मी पाणी जास्त घालणाऱ्या शेजारणीचं सांगितलं. तिला खुदकन हसू आलं. आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मी जाऊन शेजारी बसले. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, का टेकलं गेलं, देव जाणे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि समोरच्या दाराची पाटी वाचत होते. पुन्हा पुन्हा वाचत होते. मला काहीच होत नव्हतं, वन्सं. माझ्या आत कुणी राहतच नाही असं वाटतं.

तुमच्याविषयी बोलले ते तुमचं होतं, ते तुम्हाला पोचवलं. बाकीचं तुम्हाला कसं वाटेल ते मला माहीत आहे. तुम्ही त्यांना आईच्या मागे वाढवलंत. मला माफ करा असं लिहीत नाही, कारण पुन्हा तीच सकाळ आली तरी मी बहुधा तेच म्हणेन, जरा थांबा.

पाय धड झाला की या. पत्राचं उत्तर नको, फोनही नको. समोर बसा आणि मला वाटेल ते बोला, हात उचलावासा वाटला तर तोही उचला. इथे सगळे माझ्याशी फार हळू बोलतात. कुणी तरी मोठ्या आवाजात रागावलं, तर कदाचित मला ऐकू येईल.

वाट बघते.

तुमच्या चिमण्याची बायको