बाबांचे लार्च

॥ देवाची स्तुती असो ॥

ग्रँड फोर्क्स, ब्रिटिश कोलंबिया
१४ ऑक्टोबर २००२

चि. सिम्योन यास,
मालाशाताईचे आशीर्वाद.

आज सोमवार. सकाळी धुकं होतं, दुपारी ऊन पडलं. तुझ्या दाजींना जाऊन सहा आठवडे झाले, म्हणून प्रार्थनाघरात स्मरणाचं जेवण केलं. टेबलावर पाव, मीठ आणि पाण्याचं भांडं ठेवलं. बायकांनी स्तोत्रं म्हटली. बोर्श्टच्या सुपाला साय कमी पडली, एवढंच उणं राहिलं. तुझी खुर्ची मांडली होती. ती रिकामी का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे.

तुला ठाऊक नसेल तर लिहिते. तुमच्या अमेरिकन सरकारने आमच्या कापीव लाकडावर सत्तावीस टक्के जकात बसवली आणि जूनमध्ये इथली लाकडाची गिरणी बंद झाली. तीस वर्षं ह्यांनी त्या गिरणीच्या करवतींना धार लावली. गिरणी बंद झाल्यावरही रोज सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जात, तिथेच उभ्याने खात आणि परत येत. सप्टेंबरच्या दोन तारखेला परत आले नाहीत. फाटकाला टेकून बसलेले सापडले.

सगळं तुझ्या माथी मारत नाही. पण स्पोकेनच्या सभेत तू हात वर करून बोललास, तो फोटो इथल्या वर्तमानपत्रात आला. सीमेपलीकडच्यांना झाडं जवळपास फुकट मिळतात, त्यांच्यापुढे आम्ही कसं टिकायचं, असं तू म्हणालास. ह्यांनी ते वाचलं. एवढंच म्हणाले, की पोराला खुर्चीत बसायला मी शिकवलं, बोलायला नाही. करवतीसमोरच्या त्या खुर्चीत तुला कोणी बसवलं, हे सभेत सांगायचं राहून गेलं असेल.

फोन करू नकोस, मी ठेवून देईन. लिहायचं तर लिही. लोभ होता, तो इथपर्यंत पुरला.

मालाशा

---

कोल्व्हिल, वॉशिंग्टन
२ नोव्हेंबर २००२

ती. मालाशाताईस,
सिम्योनचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. उत्तर लिहायला बसलो की उठतो. स्मरणाला आलो असतो तर तू चारचौघांत बोर्श्टचं पातेलं माझ्या डोक्यावर ओतलं असतंस, आणि साय वाया गेली म्हणून वर आणखी रागावली असतीस. चेष्टा करतो आहे, पण यायचं धाडस झालं नाही हे खरं. दाजींची बातमी कळली त्या दिवशी मी माझी गिरणी बंद ठेवली. इथल्या कोणाला कारण सांगितलं नाही.

ताई, माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. दोन हिवाळे तुमचं स्वस्त लाकूड येत राहिलं आणि माझ्या अंगणातल्या थप्प्या काळ्या पडल्या. मी बोललो नसतो तर फाटकाशी उभ्याने डबा खाणारे माझ्या दारात असते. त्यांच्या बायकांनी कोणाला पत्रं लिहायची? आणि जकात लागूनही इथला भाव काही वर आला नाही. आता एकच मोठं काम हातात आहे. एका सभागृहासाठी लार्च झाडाच्या तुळया द्यायच्या आहेत, लांब आणि जाड. वसंतापूर्वी दिल्या नाहीत तर गिरणी बँकेची होईल. एवढी जुनी झाडं इकडे उरलेली नाहीत. बाबांच्या जमिनीवर आहेत.

जकात कापीव लाकडाला आहे, अख्ख्या ओंडक्यांना नाही. खासगी जमिनीवरचे ओंडके परवाना काढून आणता येतात. जमीन तुझ्या नावावर आहे, म्हणून मी हक्क सांगत नाही, मागतो आहे. दर तू म्हणशील तो.

अस्वलं धरणाऱ्या सापळेवाल्याकडून ती जमीन घेतल्यावर त्याने मागे टाकलेल्या बंदुका ज्या बाबांनी अंगणात जाळल्या, त्यांची आपण मुलं. पूर्वजांनी रशियात आपली शस्त्रं जाळली, तेच त्यांनी इथे केलं. तूही तुझा राग जाळून टाक.

लोभ आटला असेल तर आटू दे, विहीर बुजवू नकोस.

तुझा धाकटा,
सिम्योन

---

ग्रँड फोर्क्स
११ नोव्हेंबर २००२

ती. पारान्याआत्यास,
मालाशाचा शि. सा. न.

आज पहिला बर्फ पडला. कोंबड्या बाहेर आल्या नाहीत. मी बिटं तळघरात ठेवली आणि दुपारभर बसून राहिले.

सिम्योनला बाबांचे लार्च हवे आहेत. मी होकार कळवला. तोडणारे झाडं बघून गेले, पुढच्या आठवड्यात सुरू करतील.

आत्या, तुला आठवतं ना? बाबांनी बंदुका जाळल्या, ही गोष्ट ऐकत सिम्योन मोठा झाला. जळले ते लाकडी दस्ते. लोखंड जळत नाही. बंदुकांच्या नळ्या उरल्या आणि अस्वलं धरायचे ते दातेरी सापळे. विकले तर कोणी वापरील, पुरले तर कोणी उकरील, म्हणून बाबांनी आणि तू ते लार्चच्या खोडांवर ठोकून टांगले. झाडं खातील, असं बाबा म्हणाले. खिळे माझ्या ओच्यात होते. सिम्योन तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि पुढे त्याला कोणी ही दुसरी अर्धी गोष्ट सांगितली नाही.

झाडांनी खरंच खाल्लं, खोडं जाड होत गेली तसं लोखंड आत गेलं. आता सालीवर वळसुद्धा दिसत नाही. कोणत्या झाडात काय आहे ते फक्त ह्यांना कळे. खोडावर हातोडी वाजवून कान लावत, आणि म्हणत की ही झाडं कधी गिरणीत जायची नाहीत. गिरणीची पट्टा करवत लोखंडावर आदळली की फुटते, आणि फुटली की समोर बसलेला माणूस वाचत नाही.

सिम्योनला मी हे सांगितलेलं नाही. सांगणार नाही. त्याने मागितलं, मी दिलं. बाकी झाडं बघतील.

तुला कळवावंसं वाटलं म्हणून लिहिलं. प्रकृती जप, आणि मनात काही आलं तरी मला आपलं म्हण.

मालाशा

---

कॅमसॅक, सस्कॅचेवान
२१ नोव्हेंबर २००२

चि. मालाशा हिस,
आत्याचे आशीर्वाद, पण ह्या खेपेला बेताचेच.

गुडघा तसाच आहे. चष्मा मात्र नवा आहे, त्यामुळे तुझं पत्र नीट वाचता आलं, हे वाईट झालं. उभ्या जन्मात तू मांसाचा तुकडा तोंडात घातला नाहीस, आणि आता सख्खा भाऊ खायला निघालीस? तोही कच्चा?

सिम्योन लबाड आहे, ते मला सांगू नकोस. माझ्या फडताळातला चेरीचा मुरंबा तो खायचा आणि मांजरीचं नाव सांगायचा. मांजरीने कधी झाकण उघडलंय? त्याला रडव. त्याची गिरणी बुडू दे, मी सूर्यफुलाच्या बिया सोलत बघत बसेन. तुझा नवरा इल्या माझाही लाडका होता. पण दादाने ते लोखंड झाडांत का घातलं? कोणाच्या अंगाला लागू नये म्हणून. इतकी वर्षं झाडांनी ते पोटात सांभाळलं, आणि तू ते बाहेर काढणार, तेही कोणाच्या तरी छातीत.

मी त्याला कळवणार नाही. पाप तुझं, टपालखर्चही तुझा. पुढचं पत्र येईल तेव्हा आशीर्वाद पुरते देईन.

पारान्याआत्या

---

कोल्व्हिल
१ डिसेंबर २००२

ती. ताईस सा. न. वि. वि.

झाडं पडली, तुझ्या फाटकाशी रचली, असा तोडणाऱ्याचा फोन आला. एवढे सरळ ओंडके त्याने आयुष्यात पाहिले नाहीत म्हणाला. तू हो म्हणशील असं मला वाटलं नव्हतं. सभागृहवाल्यांना पक्का शब्द दिला आहे. आयडाहोतला एक जण थोडे ओंडके द्यायला तयार होता, त्याला नको म्हणून कळवलं. आता सगळं तुझ्यावर.

बारा तारखेला ट्रक येईल. करवतीला नवा पट्टा चढवला आहे. पहिला ओंडका मी स्वतः कापणार. दाजींनी शिकवलं तसं, खुर्चीत बसण्याआधी टोपी काढून. पहिली फळी तुला पाठवीन. तिकडे यायला तिच्यावर जकात नाही, एवढं बरं.

लोभाचं मागे लिहिलं होतं. आता लिहीत नाही, तुझ्या होकारातच आलं.

सिम्योन

---

ग्रँड फोर्क्स
१२ डिसेंबर २००२

चि. सिम्योन यास,

आज गुरुवार. रात्री बर्फ पडला, सकाळी थांबला. तुझा ट्रक आला. ड्रायव्हरला चहा आणि कोबी भरलेल्या पुऱ्या दिल्या. ओंडके भरू दिले नाहीत. ट्रक रिकामा पाठवते आहे, त्याच्याच हाती हे पत्र.

बाबांनी बंदुका जाळल्या ही अर्धीच गोष्ट आहे. नळ्या आणि सापळ्यांचं लोखंड ह्याच लार्चच्या पोटात आहे. पारान्याआत्याने हातोडी धरली होती, मी खिळे. खोटं वाटलं तर तिला विचार.

हे तुला नोव्हेंबरातच सांगता आलं असतं. सांगायचं नव्हतं. तू टोपी काढून त्या खुर्चीत बसशील, हे वाचूनही सांगणार नव्हते. मग परवा ह्यांची अवजारांची पेटी उघडली. ह्यांनी धार लावलेल्या एकाही करवतीने कधी माणूस मारला नाही. ह्यांचं नाव म्हणून मागे राहिलं ते एवढंच. त्या खुर्चीत तुला ह्यांनीच बसवलं, म्हणून ते मी तुझ्यापायी बुडवणार नाही. तुझ्यावर दया आली असं मात्र समजू नकोस.

आता दुसरीकडून झाडं मिळायची वेळ गेली आहे. परवाच कळवता आलं असतं. ट्रक दारात येईपर्यंत मी मुद्दाम थांबले. लोखंड ओळखायचं यंत्र तुझ्याकडे आहे म्हणशील. ते सालीजवळचं ओळखतं, हे फार खोल गेलं आहे. नुसत्या आवाजावरून ओंडका सांगणारा एकच माणूस होता. त्याला विचार.

आमच्याकडे झाडं फुकट मिळतात, असं तू सभेत म्हणालास. तुझा शब्द खरा करते. ओंडके फाटकाशी आहेत, मला एक डॉलर नको. करवतीसमोर कोणाला बसवणार तेवढं ठरव, आणि घेऊन जा.

नाही नेलेस तर मी चुलीत घालीन. हातकरवतीला लोखंड लागलं तर ती नुसती थांबते. मग दुसऱ्या जागी कापायचं. सापळे निघाले तर एखाद्या कोवळ्या झाडावर पुन्हा टांगीन.

वर्षाच्या स्मरणाला तुझी खुर्ची मांडायची की नाही, ते ठरवलेलं नाही. लोभाचंही तेव्हाच बघू.

ड्रायव्हरचा चहा संपत आला. तो गेला की मी ह्यांच्या बाकावर धार लावायला बसेन. हातकरवत काढून ठेवली आहे, कानसही सापडली. आधी एक सोडून एक दात घासायचा, मग करवत उलटी करून उरलेले.

मालाशा