निळी तार, हिरवी तार

सूनबाई,

घर गार पडलंय, ते माझ्यामुळे. "बाबा, वायरमन येईपर्यंत हात लावू नका," असं तू बजावून गेली होतीस. पण जन्मभर तेच काम केलेला माणूस मी, राहवलं नाही. जुना थर्मोस्टॅट काढून नवा भिंतीवर बसवला, तारा जोडल्या आणि बटण दाबताच घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपाचा फ्यूज उडाला. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, हिरवीच्या जागी निळी लावलीय तुम्ही!" मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. लाजेने मान वर करवेना.

मेन स्विच बंद केलाय, चालू करू नकोस. वायरमन संध्याकाळी येईल. तोवर, शाळेतून आली की, माझ्या नातीला, चिमणीला स्वेटर घाल.

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चालत गेलोय. गाडीची किल्ली चिठ्ठीखाली आहे. चिमणीला शाळेतून तूच आण, आज आणि यापुढेही. गाडीत आम्ही रोज एक खेळ खेळायचो. सिग्नल आला की मी विचारायचो, "सांग बरं, कोणता दिवा लागलाय?" आणि तिने "हिरवा" म्हटलं की गाडी पुढे काढायचो.

तिला तो खेळ वाटायचा.

– बाबा